विमलाबाईंचं आयरिश

ड्रमकॅरो, उत्तर आयर्लंड
११ एप्रिल

तीर्थरूप शशीमामा आणि अलकामामी यांना,

पुरुषोत्तमचा सविनय जयभीम. आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली परवा फोनवर कळली, पण फोनवरची खुशाली मी धरत नाही, म्हणून पुन्हा विचारतो. मामा, तुमची शुगर कशी आहे? (तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, म्हणून तर जास्त काळजी वाटते.) मामी, तुमच्या अलॉटमेंटच्या वाफ्यातली मेथी या वर्षी तरी वर आली का? ग्लासगोत ऊन पडलं होतं असं बातम्यांत म्हणाले. आमच्याकडे पडलं नाही. तुमच्या भाचेसुनेची, रचनाची, हॉस्पिटलमधली ड्यूटी नेहमीसारखीच चालू आहे, दुकान चालू आहे आणि आईची तब्येत ठणठणीत आहे. किंबहुना सगळ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

हे सगळं फोनवर का नाही सांगत, असं तुम्हाला वाटेल. फोन दुकानात असतो आणि दुकानात आई बसलेली असते. मागे तुम्हाला अर्धवट सांगायला गेलो तर शिलाई मशीनवरचा तिचा पाय थांबला होता. म्हणून आज कागद घेऊन स्वयंपाकघरात बसलोय. आईला सांगितलंय की कौन्सिलचा फॉर्म भरतोय. (कौन्सिलचा फॉर्म म्हटलं की ती जवळ येत नाही.)

मामा, आईने इंग्रजी बोलणं का सोडलं हे तुम्हाला माहीत आहे. अण्णा तेव्हा होते. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागून आईला आणि मला घेऊन आले, त्याला दोनच वर्षं झाली होती. अण्णांना ताप भरला, म्हणून आईने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला आणि पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. पलीकडे कुणीतरी फोन स्पीकरवर टाकला आणि तिघीचौघी हसल्या. आईने चारही वाक्यं शेवटपर्यंत पूर्ण केली, फोन खाली ठेवला आणि त्या दिवसापासून इंग्रजी बंद. समजतं सगळं. टीव्हीवरच्या खटल्यांचा निकाल ती न्यायाधीशाच्या आधी सांगते. पण तोंडातून एक शब्द नाही. वीस वर्षं झाली. अण्णा गेल्यावर मी ऑल्टरेशनचं दुकान काढलं तेव्हा विभागणीच तशी झाली: मी गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि आईने शिवायचं. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर आई कात्रीने माझ्याकडे दाखवायची. असं सुरळीत चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी धागे आणायला बेलफास्टला गेलो होतो, तेव्हा मॅलकी दुकानात आला. मॅलकी म्हणजे रिटायर्ड बस ड्रायव्हर. उंची सव्वासहा फूट, आवाज बसच्या इंजिनाच्या वर चढवायची सवय असलेला. तो दारात उभा राहिला आणि आईकडे बघून मोठ्याने म्हणाला, 'कजे मार आता तू.' मामा, ही अतिशयोक्ती नाही. या भागातल्या आयरिश भाषेत 'कशी आहेस' असंच विचारतात. पण आईला ते कसं कळणार? तिने एवढंच ऐकलं की एक धिप्पाड माणूस हात जोडल्यासारखे धरून (हातात पॅन्ट होती) सांगतोय की मार आता तू. आई म्हणाली, "का रे बाबा, काय केलंस?"

त्या एका वाक्याने आमचं घर बदललं. झालं असं की मॅलकी अकरा वर्षं आयरिशच्या क्लासला जातोय. त्याच्या आजीची भाषा, मधल्या पिढीत गेलेली, आता हा परत शिकतोय. आणि अकरा वर्षांत त्याने दुकानात, बेकरीत, पोस्टात जिथे जिथे तोंड उघडलं तिथे समोरच्याने इंग्रजीत उत्तर दिलं आणि पुढचं सगळं इंग्रजीत झालं. तुम्हाला येत असलं तरी समोरच्याला घाई असते. आणि इथे एक बाई इंग्रजीत शिरायलाच तयार नव्हती. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, स्टूल पुढे सरकवलं आणि वाट बघत बसली. त्याने पॅन्टकडे बोट दाखवून शब्द सांगितला, तिने तो म्हटला. सुई, तिने म्हटलं. बटण, तिने म्हटलं. मी पाच वाजता परत आलो तेव्हा मॅलकी डोळे पुसत होता. मला वाटलं, आईने त्याला सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी तो दुसरी पॅन्ट घेऊन आला. आठवड्यात त्याच्या पॅन्टा संपल्या, मग त्याने क्लासातली मंडळी आणली. मामा, आई पुस्तकाने शिकली असती तर मीही शिकलो असतो. ती शिवणकामासारखी शिकली. इकडून टोचायचं, तिकडून ओढायचं. चार महिन्यांत पूर्ण वाक्यं, आठ महिन्यांत चौकश्या, दीड वर्षात ती लोकांना रागावू लागली. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून माणसं काय करतील याला धरबंद राहिला नाही. शाळेच्या एका मुख्याध्यापकांनी कोटाची सहा बटणं स्वतः तोडून आणली. (दोरे ताजे कापलेले होते, आईच्या लगेच लक्षात आलं.) पोस्टातल्या एका गृहस्थांनी एकच पॅन्ट तीनदा आखूड करून घेतली. ऑक्टोबरात ती हाफपॅन्ट झाली, तरी ते ती घालून नोव्हेंबरात आले, कारण त्यांना भविष्यकाळ पक्का करायचा होता. रचनाच्या वॉर्डमध्ये एक पेशंट भुलीतून जागा झाला आणि त्याने पहिलं विचारलं ते विमला मंगळवारी असते का.

आता माझं. घरचं दुकान असून मी परका पडलो. काउंटरवर सहा माणसं हसताहेत आणि मी मधे उभा राहून पावत्या फाडतोय. म्हणून मीही मॅलकीच्या क्लासला नाव घातलं. मामा, ही भाषा लिहिताना एका शब्दात पंधरा अक्षरं लागतात आणि बोलताना त्यातली चार. उरलेली अकरा नुसती उभी असतात, लग्नात फोटोपुरती उभी राहणारी मंडळी असतात तशी. शिवाय 'कसं चाललंय' याचं उत्तर 'ता मे गु मा' आणि आभार मानायचे तर 'गुरव मागत' असं काहीसं. दोन्हींच्या पोटात एकच अक्षर येतं. वडीलधाऱ्यांच्या पत्रात मी त्याबद्दल अधिक लिहीत नाही. आई ते दिवसातून चाळीस वेळा निर्विकार चेहऱ्याने म्हणते.

क्लासच्या तिसऱ्या आठवड्यात मी दुकानावर आयरिश पाटी लावली. बोलता येत नसलं तरी पाटी लावता येते. पाटीवर शब्द एकच, 'ब्रीश्च', म्हणजे पॅन्ट. मोठ्या हिरव्या अक्षरांत. त्या शब्दात एका अक्षरावर तिरकी रेघ लागते आणि ती रेघ नसली तर शब्दाचा अर्थ 'मोडलेलं' असा होतो, हे मला सहाव्या महिन्यात शिकवलं. तोपर्यंत रंगवणाऱ्याने रेघेला पक्ष्याची घाण समजून ती पुसली होती. पाच महिने आम्ही 'मोडलेलं' या पाटीखाली धंदा केला. लोक पाटीसमोर उभे राहून फोटो काढायचे आणि मी आतून हात हलवायचो. आईने ती पाटी पहिल्या दिवशीच वाचली होती. मला का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाली, तू विचारलं नाहीस.

एवढ्यात जानेवारीत पत्र आलं. गावातल्या आयरिश भाषा मंडळाने ठरवलं होतं की भाषेसाठी झटणाऱ्या स्थानिक धंद्यांचा सन्मान करायचा. आमचं नाव कुणीतरी सुचवलं होतं आणि आम्ही शेवटच्या तिघांत होतो. एक बेकरी, एक आम्ही आणि तिसरे मिस्टर डॉनली, ज्यांचं अंत्यविधीचं दुकान आहे. डॉनलींचं काम फार पद्धतशीर. पावत्या आयरिश, गाडीवर आयरिश, दारावर आयरिशमध्ये 'सुस्वागतम्'. फॉर्ममध्ये फक्त 'गिऱ्हाइकांच्या प्रतिक्रिया' हा रकाना कोरा होता. मी रचनाला म्हणालो, खरी लढत डॉनलींशी आहे. ती म्हणाली, त्यांच्याकडे सगळे शेवटी जातातच, तुझ्याकडे का यावं ते सांग. (ती अशीच बोलते. नाइट ड्यूटीचा परिणाम असावा.)

पत्रात लिहिलं होतं की एक परीक्षक न सांगता येऊन जाईल. मी तेव्हापासून दारावर डोळा ठेवून होतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक सभ्य गृहस्थ आले, हातात वही, गळ्यात ओळखपत्र, आत येताच भिंतींकडे बघायला लागले. मी ओळखलं. आयरिशमध्ये स्वागत केलं, खुर्ची दिली, हवामानावर बोललो, मग माझं बालपण सांगितलं, मग आठवड्याचे वार म्हणून दाखवले. चकली दिली. त्यांनी खाल्ली. वीस मिनिटं ते मान डोलवत होते आणि मी मनात म्हणत होतो की उच्चार बसले बरं का. ते लिथुआनियाचे होते आणि विजेचं मीटर वाचायला आले होते. त्यांना वाटलं मी मराठी बोलतोय आणि मधेच तोडणं बरं दिसणार नाही. जाताना त्यांनी नम्रपणे विचारलं की मीटर कुठे आहे.

या वीस मिनिटांत ग्रॉन्या नावाची खरी परीक्षक आईपुढे स्टुलावर बसून होती. चाळिशीची बाई, पावसाळी कोट घेऊन आलेली. आईने तिचा कोट पालथा करून शिवण दाखवली आणि हे कुणी केलं म्हणून जाब विचारला. ग्रॉन्याने उत्तर दिलं त्यात व्याकरणाची चूक होती. आईने तिला वाक्य परत म्हणायला लावलं. मग परत. तिसऱ्यांदा बरोबर आल्यावर आईने टाका घातला. ग्रॉन्या विद्यापीठात हाच विषय शिकवते, हे नंतर कळलं. तिने अहवालात काय लिहिलं तेही मॅलकीकडून कळलं: या गावात हे एकच काउंटर आहे जिथे मला इंग्रजीत पळून जाता आलं नाही.

सोहळा मार्चमध्ये झाला, टाउन हॉलमध्ये, जेवणासकट. (शाकाहारी म्हणून सांगितलं होतं, तर सगळ्यांना बटाटा आणि आम्हाला दोन बटाटे.) मी चार मिनिटांचं आयरिश भाषण पाठ केलं होतं. आईने निळी पैठणी नेसली होती आणि अण्णांचं घड्याळ घातलं होतं, जे तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी कानात घालायची यंत्रं ठेवली होती, मागे काचेच्या खोलीत एक मुलगी बसून भाषांतर करत होती. मी यंत्र घेतलं नाही. मंडळाचे अध्यक्ष लांबलचक बोलले, त्यात मला आमच्या दुकानाचं नाव ऐकू आलं आणि मी खुर्ची मागे सारून उठलो. टाळ्या सुरू झाल्या. मग रचनाने माझा कोट ओढला. सन्मानासाठी पुकारलेलं नाव दुकानाचं नव्हतं, आईचं होतं. सन्मान दुकानाला द्यायचा की विमलाबाईंना यावर मंडळात वाद झाला होता म्हणे, आणि पाटीचा विषय निघाल्यावर तो मिटला.

आई चालत पुढे गेली. मामा, आपल्या माणसांपुढेसुद्धा ती कधी माइकवर बोललेली नाही. चौदा एप्रिलला सभागृहात तिला बोला म्हटलं तर ती पाणी वाटायला उठायची. इथे दोनशे माणसं. ती माइकपाशी उभी राहिली, घड्याळ वर सरकवलं आणि आयरिशमध्ये बोलायला लागली. तीन वाक्यांनंतर मला काही कळेना. मग मी शेजाऱ्याचं यंत्र मागितलं आणि कानात घातलं. माझ्या आईचं बोलणं मला काचेच्या खोलीतल्या अनोळखी मुलीच्या तोंडून इंग्रजीत ऐकावं लागलं, आणि तुम्हाला लिहिताना मी ते परत मराठी करतोय, म्हणून मधे काही सांडलं असेल तर माफ करा. ती म्हणाली, "माझ्या आजीला कुणी पाटीला हात लावू दिला नाही. तुमच्या आज्यांची भाषा पाट्यांवरून पुसली होती, असं मॅलकी सांगतो. मी हळू बोलते. तुम्हाला घाई होती, तरी तुम्ही थांबलात. म्हणून मला आलं. आता पॅन्टा आणा, पण बटणं तोडून आणू नका."

मुख्याध्यापक उठून उभे राहिले, मग सगळे. डॉनलीसुद्धा. मॅलकीचं काय झालं ते मी लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. माझं काय झालं तेही लिहीत नाही. चार मिनिटांचं भाषण मी परतीच्या गाडीत रचनाला म्हणून दाखवलं.

बक्षीस म्हणून एक फ्रेम केलेलं सन्मानपत्र मिळालं, आणि एक आठवडा, दोन माणसांसाठी, डोनेगलमध्ये समुद्राकाठी. तिथल्या गावांत अजून घराघरांत आयरिश बोलतात. आईचे डोळे मी एवढे मोठे झालेले पाहिले नव्हते. इथून गाडीने दीड तास. पण मधे सरहद्द आहे. दिसत नाही, कुणी थांबवत नाही, फक्त रस्त्याच्या पाट्या बदलतात. पण पलीकडे दुसरा देश आहे, आणि माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असला तरी आईचा तो अण्णांच्या मागे घ्यायचा राहूनच गेला. तिचा भारतीय. म्हणजे व्हिसा. हे मंडळात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मॅलकीने तर ते मनाला लावून घेतलं, आणि तिला बसच्या सामानाच्या कप्प्यातून नेण्याची एक योजना मांडली, ती आईने व्याकरण दुरुस्त करून नामंजूर केली. व्हिसा मागता येतो हे मलाही कळतं. पण अर्ज इंग्रजीत, उद्या कुणी काही विचारलं तर तेही इंग्रजीत, आणि तिला त्या खिडकीपुढे मी उभं करणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे. सन्मानपत्र मशीनच्या वर लावलंय, ती खाली मान घालून शिवते.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना जयभीम, आणि मामी, मेथीला जास्त पाणी घालू नका.

आपला भाचा,
पुरुषोत्तम

ता. क. मुद्द्याचं राहिलं. मी नागरिकत्वाचे नियम वाचले. पासपोर्टसाठी भाषा यावी लागते, पण नुसती इंग्रजीच नाही. इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक, यांपैकी कुठलीही एक. आईला जी येते ती यादीत नाही, पण स्कॉटिश गेलिक तिची सख्खी चुलत बहीण आहे असं ग्रॉन्या म्हणते. ग्लासगोत तिचे क्लास आहेत. तुमची वरची खोली रिकामी आहे. मी काय म्हणतो ते तुमच्या लक्षात आलंच असेल. फक्त सहा महिने. आईचा काही त्रास नाही, मशीन बरोबर येईल. तुमच्या शेजाऱ्यांच्या पॅन्टा लांब असल्या तर फारच उत्तम.

ता. क. २. आईला यातलं काही बोलू नका. मी तिला सांगितलंय की मामींचा गुडघा गेलाय आणि घरात कुणीतरी हवं. तेव्हा मामी, तिला न्यायला याल तेव्हा थोडं लंगडा. कुठला गुडघा ते मी सांगितलेलं नाही, आपल्या सोयीने ठरवा.

ता. क. ३. चि. शशी, हे मी लिहितेय, विमल. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. चिकटवलं होतं, पण उसवणं माझं रोजचं काम आहे. कौन्सिलला कुणी 'तीर्थरूप' लिहीत नाही. व्हिसा मला मागच्या मंगळवारी मिळाला. फॉर्म मी भरला, बसने एकटी जाऊन बोटांचे ठसे दिले, तिथल्या मुलीने चार गोष्टी इंग्रजीत विचारल्या, मी चार इंग्रजीत सांगितल्या. ती मुलगी बरी होती. पुरुषोत्तमला एवढ्यात कळवू नकोस. त्याचा क्लास चालू आहे, आत्ता कुठे त्याला भूतकाळ यायला लागलाय. जागा दोघांची आहे. मॅलकीला त्याच्या बायकोबरोबर जायचं असतं आणि पुरुषोत्तमला नेलं तर तो तिथल्या लोकांना आठवड्याचे वार म्हणून दाखवील. म्हणून मी अलकाला नेतेय. सात जूनला निघायचं. तिला म्हणावं गमबूट आण आणि दोन गरम परकर. बोलायचं मी बघते.